बाजेजवळचा पहारा

या मायबापहो, असे उंबऱ्याशी का थबकलात? आत या, सतरंजी मोठी आहे. बुवा अजून हातपाय धुताहेत, कीर्तनाला उभे राहायला त्यांना घटकाभर लागेल. तेवढ्यात एक गोष्ट होऊन जाईल. अगदी जवळ बसा, म्हणजे आवाज चढवावा लागणार नाही. ही गोष्ट चढ्या आवाजात सांगण्यासारखी नाही.

नव्याण्णव साल. आरमोरीहून एसटीने तासाभराच्या अंतरावर कोसमटोला नावाचं गाव. घरं शे-सव्वाशे. तीन बाजूंनी धानाच्या बांध्या आणि चौथ्या बाजूने जंगल, तेही इतकं लागून की मोहाची पानं वाऱ्याने देवळाच्या सभामंडपात यावीत. दरवर्षी मार्गशीर्षात, धान मळून घरात पडलं, की या देवळात अखंड नामाचा सप्ताह बसे. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून उतरली की दुसऱ्याच्या गळ्यात. दोन तासांचा एक पहारा, दिवसाचे बारा पहारे, बारा पहारेकरी. देवळाच्या खांबाला यादी लागली, की मग थंडी असो, घरात पाहुणे असोत, यादीतला माणूस आपल्या वेळेआधी अंग धुऊन, धोतर नेसून दारात उभा. येणाऱ्याने जाणाऱ्याच्या पाया पडायचं, जाणाऱ्याने येणाऱ्याच्या. आणि ज्याच्या गळ्यात वीणा, त्याने बसायचं नाही. ही रीत कोणी लिहून ठेवली नव्हती, पण तिच्यात गफलत झाल्याचं गावाला आठवत नव्हतं.

हरिदास हा यादीतला जुना माणूस. पहाटे चार ते सहा हा पहारा कोणी मागून घेत नाही, तो त्याने सलग अठरा वर्षं सांभाळला. आवाज बेताचा, पण सूर हलत नसे. त्याची बायको सत्यशीला. खरा गळा तिचा. रोवण्याच्या दिवसांत बायका ओळीने चिखलात वाकल्या, की पहिलं गाणं तीच उचलायची आणि पलीकडच्या बांधीतल्या बायका ते झेलायच्या.

नव्याण्णवच्या तीन वर्षं आधी, ऐन रोवण्यातच, ती धानाची पेंडी हातात घेऊन वाकली ती सरळ झालीच नाही. लकवा. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. जिचं गाणं दोन बांध्या पलीकडे जायचं, तिला पाणी मागायलाही बोट दाखवावं लागू लागलं. मुलगी एकुलती एक, वरोऱ्याला दिलेली, तिचं तिकडे भलंमोठं एकत्र घर. ती आली, महिनाभर राहिली, रडत परत गेली. मग उरला हरिदास.

त्याने शेती बटईने देऊन टाकली आणि बाजेजवळ बसला. पाठ पुसायची, चादर बदलायची, तांदळाची पेज पातळ करून डाव्या गालाने चमचा चमचा घालायची, केस विंचरून वेणी घालायची. वेणी त्याला आधी येत नव्हती. गाईच्या दाव्याला पीळ देतात तसा देऊन देऊन शिकला. विहिरीवर बायकोची पातळं धुताना पाहून गावातले गडी म्हणायचे, "काय हरिदास, हळदीकुंकू कवा करतं?" तो हसून घ्यायचा. आणि दर दोन तासांनी तिची कुशी बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. सत्यशीला अंगाने भरलेली बाई. एका हाताने खांदा, एका हाताने कंबर, दात आवळून उचलायची आणि फिरवायची. एकट्याने.

एकट्याने का, तर त्याचंही ऐका. पहिल्या वर्षी सगळं गाव आलं होतं. सोमाजीची बायको गिरजाबाई पेज घेऊन यायची. ती हरिदासला घट्ट वाटायची, म्हणून तिच्यासमोरच तो त्यात पाणी ओतायचा. बांगड्या विकणारी अख्तरी शेजारच्या गल्लीतली, ती येऊन सत्यशीलेची उशी नीट करायची. अख्तरी दाराबाहेर जाते न जाते तोच हा उशी पुन्हा आपल्यासारखी लावायचा. कोणाला रागे भरला नाही, कोणाला येऊ नका म्हणाला नाही. पण माणसांना कळतं हो. हळूहळू एकेक जण यायचा थांबला. आणि मग तोच म्हणू लागला, की कोणी येत नाही.

कीर्तन त्याच्या वाट्याला आता भोंग्यातून येई, तेही वारा इकडचा असला तर. सप्ताहात तो घराच्या ओसरीवर यायचा, खांबाला टेकून उभा राहायचा. अर्धा अभंग ऐकू यायचा, अर्धा जंगलात जायचा.

त्या वर्षी सप्ताहाला सहा दिवस उरले असताना सोमाजी त्याच्याकडे आला. सोमाजी म्हणजे गावच्या डाकघराचा जुना पोस्टमास्तर, वय सत्तरीपुढे, अक्षर मोत्यासारखं. सप्ताहाची यादी चाळीस वर्षं त्याच्याच हातची. त्या वेळी आत रिना सिस्टर सत्यशीलेच्या पाठीची जखम धूत होती. रिना ही बौद्धपुऱ्यातल्या धम्मदीप मास्तरांची मुलगी, उपकेंद्रात नर्स. सगळ्या गावात तिला एकटीला हरिदास आत येऊ द्यायचा, कारण ती 'येऊ का' म्हणून विचारत नसे.

सोमाजी ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "हरिदासभाऊ, औंदा काल्याच्या दिवशी तुमचा सत्कार करतो म्हनते कमेटी. शाल, श्रीफळ. बायकोची अशी सेवा आजूबाजूच्या गावाहीत कोनी केली नाई."

हरिदासने विचारलं, "कुठी?"

"कुठी मंजे? देवळात. मंचावर. बुवाच्या हातानं."

"मंचावर मी उभा राह्यलो, तं इथी कोन राह्यते?"

"अर्ध्या तासाचा तं प्रश्न हाय," सोमाजी म्हणाला.

"अर्ध्या तासाचाच हाय, भाऊ. तीन सालापासून अर्ध्या तासाचाच हाय."

हे ऐकून रिना हात पुसत बाहेर आली. "सोमाजीभाऊ, शाल राहू द्या घरी. त्याहीले आठ दिवस द्या."

"कायचे आठ दिवस?"

"काकाले अंतर्गळ हाय. लपवून राह्यले. मी खाली वाकताना पाह्यलं, तवा समजलं. काकूले एकट्यानं उचलून उचलून झाला. आतडं अडकलं तं सहा घंट्यात माणूस जाते. जिल्ह्याच्या दवाखान्यात बोलून ठेवलं मी. येत्या सोमवारी भरती, मंगळवारी ऑपरेशन. टाके निघेपर्यंत तिथीच राहा लागते."

हरिदास जमिनीकडे पाहत म्हणाला, "सप्ता झाल्यावर पाहू."

"सप्त्यात तुमी कुठी जाता? तीन साल झाले, देवळाची पायरी चढले नाई तुमी."

"हिचं कोन करन?"

"तुमी मेल्यावर कोन करन तिचं? त्याले सांगा ना, तो आतापासून येत जाइन."

हरिदास उठून आत गेला आणि उगाच तांब्या इकडचा तिकडे ठेवत राहिला. सोमाजी उठून घरी गेला आणि लिहायला बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने पहारेकऱ्यांना देवळात बोलावलं. खांबावर सप्ताहाची यादी होतीच. तिच्याखाली त्याने दुसरी चिकटवली. वर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: हरिदासच्या घरचा पहारा. खाली बारा वेळा, बारा नावं.

बुधू नावाचा एक जण जरा बोलका. तो म्हणाला, "भाऊ, त्याच सोमवारी सप्ता बसून राह्यला. एका माणसानं दोन दोन पहारे द्याचे, मंग झोपाचं कवा?"

सोमाजीने चष्मा काढला. "वीणा खाली टेकली तं देव उचलून घेइन, बुधू. सत्यशीला खाली पडली तं कोन उचलन?"

ज्या म्हाताऱ्याने चाळीस वर्षं वीणेला जमीन माहीत होऊ दिली नव्हती, त्याच्या तोंडून हे निघालं. बुधूनेच पुढे होऊन आपल्या नावावर बोट ठेवलं आणि वेळ पाठ केली.

सोमवार उजाडला. हरिदासची पिशवी भरलेली होती, ती रिनाने भरली होती म्हणून. त्याच्या मनात वेगळंच होतं. येतील एक-दोन माणसं. उभी राहतील, खोकतील, काय करायचं ते कळणार नाही, सत्यशीला रडेल, माणसं घाबरून निघून जातील. दहाची एसटी निघून जाईल. जायचं कारणच उरणार नाही. मांडीच्या सांध्यात आज दुखत होतं, पण ते तर रोजच दुखायचं.

सहाला दार वाजलं. बिरजू उभा. बिरजू हा लाकूड डेपोत ओंडके वाहणारा गडी, आडदांड देहाचा, बोलायला लाजणारा. मार्गशीर्षातल्या थंडीत गार पाण्याने अंग धुऊन आला होता, अंगातून वाफ निघत होती. शुभ्र धोतर, कपाळाला बुक्का, पाय अनवाणी. तो हरिदासच्या पाया पडला, बाजेच्या पायथ्याशी गेला, हात जोडले, डोळे मिटले आणि पुटपुटत नाम घेऊ लागला.

हरिदासने थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाला, "बस ना गा."

"नाई भाऊ. पहाऱ्यात बसत नसते."

"अरे, हे वीणा नोहे."

"यादीत तं पहारा लिवला हाय," बिरजू म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले.

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. सत्यशीला एकटक त्याच्याकडे पाहत होती. तेवढ्यात एक माशी आली आणि तिच्या नाकावर बसली. बिरजूने डोळे किलकिले केले. माशी पाहिली. पहाऱ्यात हात सोडायचे नाहीत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. त्याने माशीकडे पाहिलं, सत्यशीलेकडे पाहिलं, हरिदासकडे पाहिलं. मग तसाच, हात जोडलेला, कंबरेत वाकला आणि माशीवर फुंकर घातली. माशी उडाली आणि त्याच्याच मिशीवर जाऊन बसली.

सत्यशीलेच्या घशातून एक आवाज आला. हरिदास धावला, त्याला वाटलं घास अडकला. पण पोटात तर अजून काहीच नव्हतं. तिचा डावा गाल वर ओढला गेला होता, खांदा हलत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. ती हसत होती.

तीन वर्षांत त्याने तिला सगळं दिलं होतं. औषध, पेज, कोरडी चादर, रामनाम. हसू द्यायचं त्याच्या हातून राहिलं होतं, आणि ते राहिलं आहे हेही त्याला कळलं नव्हतं.

आठ वाजता बुधू आला. तोही अंग धुतलेला, तोही धोतरात. दोघे एकमेकांच्या पाया पडले, आणि बदली झाल्यावर घरी जायचं सोडून बिरजू तिथेच घुटमळला. याच वेळी गल्लीतून अख्तरी चालली होती, डोक्यावर बांगड्यांची टोपली, आरमोरीच्या बाजाराला निघालेली. आतून आलेला तो घोगरा हसण्याचा आवाज तिने मघाशी आपल्या घरीच ऐकला होता. टोपली ओसरीवर ठेवून ती सरळ आत आली.

"हे काय चालू हाय? दोन दोन गडी दगडाच्या देवासारखे उभे. भाभीच्या पाया पडता का सेवा करता?"

"पहारा हाय," बुधू म्हणाला. "सोमाजीभाऊची यादी."

"कोन कोन हाय यादीत? सांग."

बुधूने नावं म्हटली. अख्तरी बोटांवर मोजत गेली. बारावं नाव झाल्यावर तिने कमरेवर हात ठेवला. "बारा गडी. मंग बाईले आंग कोन धुवून देइन? तू देतं का, बुधू?"

बुधू आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला.

"बारा जनाहीत एकाले बी सुचलं नाई?"

बिरजू हळूच म्हणाला, "बाई, सप्त्याची यादी अशीच राह्यते. तेच नावं खाली उतरवले भाऊनं."

"वा रे पोस्टमास्तर. चिठ्ठी बराबर, पत्ता चुकला. जा बुधू, गिरजाबाईले बलावून आन. म्हना, बुढ्यानं यादी अर्धीच लिवली, बाकीची अर्धी बाया लिवतीन. जा, उभा काऊन?"

बुधू गेला. आता हरिदास पुढे झाला. त्याला हवं होतं ते कारण सापडलं होतं. "राहू द्या, अख्तरीबाई. तिले माह्याच हाताची सवय हाय. दुसऱ्याच्या हातानं तिले जमत नाई."

"सवय तुमी लावली," अख्तरी म्हणाली. पण टोचून नाही म्हणाली, आणि म्हणता म्हणता खाली बसली. तिने सत्यशीलेचा उजवा हात मांडीवर घेतला. तीन वर्षांत त्या हाताची मूठ घट्ट वळून गेली होती.

"ओढू नका," हरिदास म्हणाला. "दुखते तिले."

"बोटं कोन ओढते, भाऊ? तेल द्या."

त्याने तेलाची वाटी दिली. अख्तरीने बोटांना हातच लावला नाही. मनगट आधी खाली झुकवलं, अंगठ्याच्या बुडाशी मांस असतं तिथे आपला अंगठा टेकवला आणि गोल गोल दाबत राहिली. तोंडाने काहीबाही बोलत होती, बाजारातल्या नव्या चुड्यांचं, मुलचेऱ्याच्या बंगाली बाया शंखाच्या बांगड्या मागतात त्याचं, सत्यशीलेच्या लग्नात भरलेल्या हिरव्या चुड्याचं. सत्यशीला तिच्या तोंडाकडे पाहत होती. आणि बोलता बोलता ती मूठ, उमलावी तशी, एकेक बोट करत सैल झाली.

हरिदास वाकून पाहायला गेला आणि तसाच राहिला. तळहाताची कातडी पांढरी पडून भिजली होती. चार नखांच्या चार खुणा आत रुतल्या होत्या, दोन ओल्या होत्या. वास येत होता. हा हात तो रोज धूत होता. वरून.

"मले वाटलं, दुखन," तो म्हणाला.

"दुखतेच. पन हात कुठून सुटते, हे तुमाले कुठून माहीत राहीन?" अख्तरी फडक्याने एकेक बोटाची बेचकी पुसत होती. "माह्या हातातून हजार बायाचे हात गेले. तुमच्या हातातून एकच."

सत्यशीलेने मोठा श्वास सोडला. उघड्या तळव्याला वारा लागत होता.

तोवर बुधू परतला, मागून गिरजाबाई पेजेचं भगुणं घेऊन आली, आणि तिच्यामागे सोमाजी, यादी हातात, बायकोचं ऐकून घेतलेला चेहरा. आठचा पहारा म्हणजे कुशी बदलायचीही वेळ. सवयीने हरिदास बाजेकडे सरकला, दात आवळले, वाकला. मांडीच्या सांध्यात अशी कळ आली की त्याने बाजेचा खूर धरला.

"भाऊ, सरका," बिरजू म्हणाला. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने बुधू. चादरीचे काठ मुठीत धरले, अख्तरीने डोकं सांभाळलं, आणि सत्यशीला पानावरचं पाणी कलावं तशी डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर आली. कोणाचा श्वासही चढला नाही.

हरिदास भिंतीला टेकून पाहत होता. दोन तासांचा पहारा, दोन तासांची कुशी. एक माणूस जायच्या आत दुसरा येतो, म्हणजे बदलीच्या वेळी घरात दोघं असतातच. आणि उचलायला दोघंच लागतात. इतकं साधं. अठरा वर्षं ज्या रीतीने वीणा धरली, ती रीत दोनशे पावलांवर देवळात होती, आणि तो इथे एकटा आतडी फाडून घेत होता. डोळ्यांत पाणी आलं ते कळेचं का या विचाराचं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

सोमाजी ओसरीवर बसून नवी यादी लिहू लागला. प्रत्येक पहाऱ्याला एक गडी, एक बाई. गिरजाबाई नावं सांगत होती आणि मधूनच म्हणत होती, "हे नको, हे झोपते." बुधू विचारत होता, की बसलं तर चालेल का. "बस, बोल, विडी सोडून काय बी कर," असं अख्तरीने सांगितलं. बाजार तिने त्या दिवशी सोडलाच होता.

साडेनऊ झाले. हरिदास बाजेजवळ गेला. सांगायच्या गोष्टी त्याच्याकडे पन्नास होत्या. पेज किती पातळ, उशी कुठे, रात्री ती कण्हते ते पाण्यासाठी की पायासाठी. तो एकेक सांगू लागला. सगळे ऐकत होते. सांगून झालं की पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.

सत्यशीलेने डावा हात उचलला. त्याच्या छातीवर टेकवला, आणि होतं नव्हतं ते बळ लावून त्याला मागे ढकललं.

"जा," ती म्हणाली. "ये. पन जा."

तीन वर्षांत इतकं लांब ती बोलली नव्हती.

मग हरिदासने काय करावं? माणूस कसा सोपवायचा हे त्याला माहीत नव्हतं, पण पहारा कसा सोपवायचा हे माहीत होतं. तो वळला आणि अख्तरीच्या पायाशी वाकला. ती एकदम मागे सरली. "हे काय भाऊ? मले पाप लावता काय?"

बिरजू कोपऱ्यातून म्हणाला, "पहारा बदलला, बाई. तशी रीत हाय."

अख्तरी थांबली. तिने त्याच्या डोक्याला क्षणभर हात लावला आणि म्हणाली, "जा. एसटी कोनासाठी थांबत नाई."

रिना त्याच्याबरोबर गेली. मंगळवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आतडं अडकायच्या बेतात होतं, आणखी पंधरा दिवस काढले नसते. पहिले दोन दिवस हरिदास दर दोन तासांनी जागा व्हायचा आणि हात पुढे करायचा. तिसऱ्या दिवसापासून झोपू लागला.

दहाव्या दिवशी तो गावी परतला. सप्ताह संपून गेला होता. घरात शिरला तर गिरजाबाई चुलीपाशी, बाजेजवळ बुधू बसलेला, पेजेचा चमचा हातात, आणि सत्यशीलेच्या मनगटात हिरव्या बांगड्या. डाव्या हातात चार, उजव्या हातात चार. हरिदास पुढे होऊन चमचा घेऊ लागला.

"ओ भाऊ," बुधू म्हणाला, "पहारा माहा हाय. चार वाजेपर्यंत."

"माह्या घरात?"

"सप्ता झाल्यावर वेळा बदलल्या. यादी पाहा खांबावर."

सत्यशीला डाव्या गालाने हसली. हरिदास ओसरीवर आला. आपल्याच घरात त्याला करायला काही काम नव्हतं. तो हळूहळू चालत देवळाकडे गेला. मंडपाचे बांबू सोडून झाले होते, भोंगा उतरवलेला, बुवा केव्हाच पुढच्या गावी गेलेले. कीर्तन नव्हतं, गर्दी नव्हती. तो गाभाऱ्यासमोर बसला, देवाकडे पाहिलं, आणि बसल्या बसल्या भर दुपारी त्याला झोप लागली. पुजाऱ्याने पाहिलं आणि घंटा न वाजवता प्रदक्षिणा केली.

तीन महिने उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून यादी राहिली. बारा पहारे नाही, ते कोणाला जमतं? दिवसाचे चार राहिले. रोवण्याच्या दिवसांत दोन झाले, आणि एकदा तर सकाळचा कोणीच आला नाही, तेव्हा सत्तरीचा सोमाजी स्वतः काठी टेकत आला. कुरकुर झाली, भांडणं झाली, गिरजाबाई आणि अख्तरी पेजेच्या मिठावरून चार दिवस बोलल्या नाहीत. पण गुरुवारच्या भजनाला हरिदास देवळात दिसू लागला, आणि पुढल्या सप्ताहात पहाटे चारची वीणा पुन्हा त्याच्या गळ्यात आली. सत्यशीला अजून दोन वर्षं जगली. ती गेल्यावर यादी खांबावरून निघाली नाही, फक्त घर बदललं. गावातलाच इसरू आपल्या आंधळ्या झालेल्या मित्राला घरी आणून सांभाळत होता, त्याच्याकडे पहारा गेला, आणि दुसऱ्या दिवशी बाजेजवळ हरिदास होता.

बुवा आले वाटतं. उठू नका, एवढंच ऐका.

अख्तरीला हात उघडता येत होता, रिनाला जखम धुता येत होती, सोमाजीला लिहिता येत होतं. बिरजूला काही येत नव्हतं. दोन वर्षांत तो पेज सांडायचा, चादर उलटी घालायचा. पण दर सोमवारी सहाला दार वाजायचं, एकदाही चुकलं नाही. तो आता नाही. डेपोतल्या ओंडक्यांनीच त्याला नेलं. त्याचा कधी सत्कार झाला नाही, त्याची कोणी गोष्ट सांगत नाही. म्हणून हात जोडाल तेव्हा एवढं मागणं आहे: काही येत नसताना वेळेवर आलेल्या त्या माणसाला, बिरजूला, एकदा आठवा.